तबकडी काढण्यापूर्वी हिशेब मांडा

कॅसेट गेली, सीडी मागे पडली. पण गाण्याची काळी तबकडी पुन्हा बाजारात आली आहे. १९०८ साली ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना काढला होता. पुढे हा धंदा देशात बंद पडला. २०२४ मध्ये मुंबईत तबकड्या दाबण्याचे काम पुन्हा सुरू झाले. त्यामुळे नगरजवळच्या भिंगारमधील एखाद्या कव्वाली पार्टीलाही आपली तबकडी काढण्याचा विचार करता येईल. मात्र या धंद्यात पैसा बहुधा कारखान्यात जाण्यापूर्वीच्या घाईत बुडतो. म्हणून आपण हे काम क्रमाने समजून घेऊ.

परवानगी : रचना स्वतःची असेल तर शायर, चाल बांधणारा, गायक आणि वादक यांच्यात कोणाला किती मिळणार, हे आधीच कागदावर लिहून घ्यावे. दुसऱ्याचे गाणे आपल्या आवाजात काढायचे असेल तर कॉपीराइट कायद्याचे कलम ३१ सी पाहावे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार, पहिले ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपून पाच वर्षे झाल्यावर, आगाऊ रॉयल्टी भरून असे गाणे काढता येते. पण रॉयल्टी साधारणतः दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींची भरावी लागते. दोनशे प्रती काढणाऱ्याला हे परवडणारे नाही. त्याने मूळ हक्कदाराची लेखी परवानगी घ्यावी किंवा स्वतःचीच रचना गावी.

वेळ : १२ इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका बाजूला १८ ते २० मिनिटे ठेवल्यास आवाज चांगला येतो. त्याहून जास्त भरल्यास खाचा दाटीने कोराव्या लागतात आणि आवाज बारीक होतो. प्रत्येक फेऱ्याला १.८ सेकंद लागतात; पण बाहेरचा फेरा सुमारे ९२ सेंटिमीटरचा, तर अगदी आतला अवघा ३८ चा असतो. कमी जागेत तेवढाच आवाज कोंबल्याने शेवटी तो फाटू लागतो. कव्वाली तर शेवटीच चढते! म्हणून एका बाजूला एकच कव्वाली असेल तर ती १५ मिनिटांत संपवावी. दोन रचना असतील तर शांत रचना शेवटी ठेवावी.

मास्टर : मोबाइलसाठी केलेले ध्वनिमुद्रण जसेच्या तसे पाठवू नये. ढोलकचा खर्ज दोन्ही बाजूंना समान ठेवावा. 'स', 'श' यांचा सुसकारा कमी करून घ्यावा, नाहीतर सुई तेथे खरखरते.

कारखाना : अॅल्युमिनियमच्या चकतीवरील लॅकरच्या थरात खाचा कोरतात. त्यावर चांदीचा फवारा आणि निकेलचा थर चढवून धातूचे साचे तयार होतात. या साच्यांत गरम पीव्हीसी दाबले की तबकडी तयार होते. एका साच्यातून साधारण हजार प्रती निघतात.

येथेच मोह होतो. साच्याचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच, पाचशेंनाही तेवढाच. केवळ उदाहरण म्हणून समजा, ठरलेला खर्च १,००,००० रुपये, प्रत्येक प्रतीचा ४०० आणि विक्रीची किंमत १,००० रुपये. ५०० प्रती काढल्यास एक प्रत ६०० रुपयांना पडते, २०० काढल्यास ९०० रुपयांना. पण विक्री १५० चीच झाली तर? पहिल्या व्यवहारात १,५०,००० रुपये अडकतात, दुसऱ्यात ३०,०००. प्रत स्वस्त पडली म्हणजे नफा झाला, असे नाही. म्हणून आधी खात्रीचे गिऱ्हाईक मोजावे, मग प्रती ठरवाव्यात.

नमुना : सर्व प्रती दाबण्यापूर्वी कारखान्याकडून चार-पाच नमुना प्रती मागवाव्यात आणि दोन-तीन यंत्रांवर ऐकाव्यात. सर्व प्रतींत एकाच जागी टकटक असेल तर दोष साच्यात किंवा मूळ कोरणीत आहे. एकाच प्रतीत असेल तर तो त्या प्रतीपुरता समजावा. समाधान झाल्यावरच लेखी मंजुरी द्यावी.

माल हाती आल्यावर तबकड्या उभ्या ठेवाव्यात. आडव्या थप्पीत किंवा उन्हाळ्यात पत्र्याखाली त्या वाकतात, आणि वाकलेली तबकडी कोणी विकत घेत नाही.

हौस जरूर असावी. पण कर्ज काढून ती करू नये. पहिल्या दोनशे प्रती विकल्या गेल्या, कलावंतांचा वाटा ठरल्याप्रमाणे चुकता झाला, की दुसरी तबकडी काढणे सोपे जाईल, असे आम्हांस वाटते.