लेकुरवाळी विद्यार्थिनी व तिचे घर



गेल्या कापूस-वेचणीच्या दिवसांत अकोला जिल्ह्यातील एका खेड्यात आम्ही एका घरी बसलो होतो. त्या घरची सून बारावी उत्तीर्ण झालेली व दोन लेकरांची आई आहे. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे होते, आणि अमरावतीच्या एका विद्यालयात जागा मिळण्याची आशाही होती. नवरा गप्प बसला होता. सासूने मात्र मनातील गोष्ट सरळ सांगितली : "शिकू दे, माही काही ना नाही. पन लेकरं कोन पाहीन?"

हा प्रश्न खरा आहे. ह्यास कोणी अडाणीपणा म्हणेल, तर तो त्या वृद्ध स्त्रीवर अन्याय होईल. लेकरांस वेळेवर भाकर मिळावी, आजाऱ्यास औषध मिळावे, हा काही लहान विचार नव्हे.

दहाबारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका घरी हाच प्रश्न आम्हांस विचारण्यात आला होता. तेव्हा आम्ही फारसा विचार न करता "आधी घर, मग विद्यालय" असे उत्तर दिले. ते सर्वांस पटले. कारण त्या उत्तराने कोणासच काही करावे लागत नव्हते. ती भगिनी शिकावयास गेली नाही. पुढे तिने पस्तिशी ओलांडली आणि ती वाट बंद झाली. ती आजही आम्हांस भेटते, आदराने चहा करून देते, आणि त्या गोष्टीविषयी एक शब्दही काढीत नाही. तिचे ते न बोलणेच आमच्या मनास लागून राहिले आहे. म्हणून हा पाठ इतरांस देण्यापूर्वी आम्ही तो स्वतःस दिला आहे.

१. हे शिक्षण काय आहे?

परिचर्येचे आजचे मुख्य अभ्यासक्रम तीन आहेत. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा. जी.एन.एम.साठी वय सतरा ते पस्तीस असावे लागते. त्याच्या पहिल्या वर्षी शरीराची रचना व कार्य, सूक्ष्मजंतू, परिचर्येची मूलतत्त्वे, प्रथमोपचार व सामाजिक आरोग्य शिकवितात. दुसऱ्या वर्षी औषधोपचार व शस्त्रक्रियेच्या रोग्यांची, बालकांची व मनोरुग्णांची शुश्रूषा. तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र. पुस्तकांबरोबर वॉर्डातील कामही असते, आणि पुढे रात्रपाळीही करावी लागते. कित्येक विद्यालयांत वसतिगृहातच राहावे लागते. तेव्हा लेकुरवाळीचा जीव दोन ठिकाणी वाटला जातो, हे उघड आहे.

पूर्वी हा पेच एका रीतीने टाळीत असत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाचे विद्यालय लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात 1860 साली निघाले. तेथे शिकणाऱ्या बायांनी एका घरात, मेट्रनच्या नजरेखाली राहावे, असा प्रघात पडला, आणि तोच पुढे जगभर गेला. त्यामुळे बहुधा अविवाहित मुली व विधवा ह्याच ह्या मार्गास लागत. आपल्या महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांनी पुण्यात 1909 साली सुरू केलेल्या सेवासदनाने बायांस ससून रुग्णालयात ह्या शिक्षणासाठी पाठविले. त्यांत विधवा पुष्कळ होत्या. लोकांनी नाके मुरडली, पण रमाबाई मागे हटल्या नाहीत.

वऱ्हाडातही ह्या कामाच्या खुणा आहेत. अमरावतीच्या स्त्री-रुग्णालयास लोक अद्याप "डफरीन" म्हणतात, आणि अकोल्याच्या रुग्णालयास "लेडी हार्डिंग". स्त्रियांस स्त्री-डॉक्टर, परिचारिका व शिकलेल्या सुइणी मिळाव्यात म्हणून 1885 साली लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी उभारण्यात आला होता. वाशीम येथे 1938 साली डॉ. ऑर्फा स्पायचर या अमेरिकन बाईंनी मिशनचा दवाखाना सुरू केला. तोच रेनॉल्ड्स मेमोरियल. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते; ते 1998 साली वेगळे झाले. पुढे ह्या दवाखान्यास जोडून परिचारिकांचे विद्यालयही निघाले.

गरज किती होती ती पाहा. 1946 सालच्या भोर समितीच्या अहवालात, साऱ्या हिंदुस्थानात सुमारे 7,000 परिचारिका, म्हणजे 43,000 माणसांमागे एक, असा हिशेब दिला आहे. आणि मग 2005 साली एक उलटी गोष्ट घडली. सरकारने खेड्यापाड्यांसाठी "आशा" कार्यकर्ती नेमण्याचे ठरविले, तेव्हा ती त्याच गावची रहिवासी, व मुख्यतः विवाहित, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री असावी, असे म्हटले. ज्या संसारास पूर्वी अडचण म्हणत, तोच येथे पात्रतेत धरला गेला. हे आम्ही वाचले तेव्हा आमचे जुने उत्तर आम्हांस अधिकच उथळ वाटू लागले.

२. चांगली बाजू कोठे शोधावी?

पुष्कळ लोक अशा विद्यार्थिनीस म्हणतात, "तीन वर्षे सोस, मग पगार येईल." पगार ही चांगली गोष्ट आहे, ज्या घरात पऱ्हाटीच्या भावावर वर्षाची भाकर अवलंबून असते, तेथे ती फारच चांगली आहे. परंतु सर्व चांगले जर शेवटीच असेल, तर मधली तीन वर्षे तुरुंगासारखी होतील. आम्ही अशा शिक्षणातून गेलेल्या काही भगिनींशी बोललो. त्यांच्या बोलण्यातून असे दिसले की चांगली बाजू मधल्या दिवसांतच असते, आणि ती तीन प्रकारची आहे.

पहिली ही, की ज्ञान त्याच आठवड्यात घरी येते. जुलाब झालेल्या लेकरास एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे, हे ती सोमवारी शिकते व रविवारी सासूस दाखविते. खोकणाऱ्या लेकराचे श्वास घड्याळ लावून एक पूर्ण मिनिट मोजावे. दोन महिन्यांपासून एक वर्षाच्या आतील बालकाचे पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचे चाळीस किंवा अधिक भरल्यास वाट न पाहता दवाखान्यात न्यावे, हेही ती शिकते. 1847 साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने प्रसूतिगृहातील डॉक्टरांस हात धुण्याच्या द्रावणात हात धुवावयास लावले, तेव्हा बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्यात स्वच्छतेची थोरवी नव्याने सांगावयास नको. पण हात का धुवावे ह्याचे कारण सांगणारी सून घरात असली, म्हणजे हात अधिक वेळा धुतले जातात.

दुसरी ही, की आई वॉर्डात रिकाम्या हातांनी जात नाही. सतरा वर्षांच्या मुलीस तान्हे बाळ उचलतानाही भीती वाटते. लेकुरवाळीस बाळाचे रडणे कळते, बाळंतिणीचे भय कळते, आणि म्हाताऱ्याने जेवण का नाकारले हेही कळते. पुस्तकात ती मागे असेल. रोग्याच्या खाटेजवळ ती पुढे असते.

तिसरी ही, की लेकरे आईस शिकताना पाहतात. सुटीच्या दिवशी एकाच दिव्याखाली आई हाडांची नावे पाठ करते आणि मुलगी पाढे म्हणते. अशा घरात शाळेविषयी निराळा उपदेश करावा लागत नाही.

३. दवाखान्याचा नियम घरात आणावा

आता सासूच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर आम्हांस दवाखान्यातच मिळाले.

कोणत्याही चांगल्या वॉर्डात एकच परिचारिका चोवीस तास पहारा करीत नाही. सकाळची, दुपारची व रात्रीची अशा पाळ्या असतात. जाणारी येणारीस "चार्ज" देते. खाटेमागून खाट जाऊन ती सांगते की ह्यास ताप इतका, ह्यास अमुक औषध दिले, ह्याने सकाळपासून काही खाल्ले नाही. ते सर्व लिहूनही ठेवते. "माझ्या ध्यानात होते" हे तेथे चालत नाही. जे लिहिले नाही ते केलेच नाही, असे धरतात.

आपल्या खेड्यातील घर पाहा. पहाटे उठल्यापासून सर्व निजेपर्यंत एकच बाई ड्यूटीवर असते, आणि तिला चार्ज द्यावयास कोणीच नसते. ती विद्यालयात गेली म्हणजे घर कोसळेल असे आपणांस वाटते, ह्याचे कारण विद्यालय नव्हे. साऱ्या घराचा भार एकाच खांबावर ठेवला आहे, हे कारण आहे.

म्हणून एखाद्या रविवारी सर्वांनी बसून घरातील कामे कागदावर लिहावी. पाणी, दळण, स्वयंपाक, लेकरांची आंघोळ व शाळा, शेळी, सासऱ्यांच्या गोळ्या, धुणी-भांडी, आषाढ-श्रावणातील निंदण, दसरा-दिवाळीपासूनची वेचणी. काही सोडू नये. निंदण व वेचणी बायाच करतात. तेव्हा तिची मजुरी बुडेल किंवा दुसरी बाई लावावी लागेल, हेही आधीच मोजावे. मग प्रत्येक कामापुढे एक नाव घालावे. नवऱ्याचे नाव त्यात आलेच पाहिजे. आणि ते "मदत करील" असे नव्हे, तर "ह्याच्याकडे चार्ज आहे" असे. मदत करणारा सांगितल्यावर उठतो. ज्याच्याकडे चार्ज आहे, तो न सांगता उठतो.

ती सुटीस घरी आली म्हणजे सासूने तिला अर्धा घटका चार्ज द्यावा : लेकरू काय खाते, कोठे पडले, मास्तरांनी काय सांगितले. आणि सुनेनेही आल्या आल्या मुलीची वेणी सोडून पुन्हा घालू नये. ज्यांनी आठवडाभर घर राखले, त्यांची वेणी वाकडी असली तरी चालेल.

४. जे झाकू नये

इतके करूनही दुःखाचे दिवस येतील. परीक्षेच्या सकाळीच लेकरास ताप भरल्याचा निरोप येईल. धाकटे आजीलाच "आई" म्हणू लागेल, आणि ते ऐकून तिच्या पोटात कालवेल. अशा वेळी "आनंद मान, चांगली बाजू पाहा" असे सांगणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे होय. आधी ऐकून घ्यावे.

कधी कधी थांबणेच योग्य असते. बाळ सहा महिन्यांच्या आतील असून केवळ अंगावर पीत असेल, घरी दुसरे कोणीच नसेल, किंवा शेत गहाण टाकूनच फी भरावी लागत असेल, तर घाई करू नये. विद्यालयास महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, फीशिवाय आणखी काय भरावे लागते, लेकरांस भेटण्याचे व रजेचे नियम काय आहेत, हे प्रवेशापूर्वी विचारावे. मान्यता नसलेल्या ठिकाणी पैसा व वर्षे दोन्ही जातात. परंतु थांबावयाचे तर तारीख ठरवून थांबावे. "नंतर पाहू" ह्या दोन शब्दांनीच आमच्या त्या भगिनीची पस्तिशी उलटली.

५. मंडळीचे काम

उपदेशकांनो, हे एकट्या घराचे काम नव्हे. तिच्या परीक्षेच्या आठवड्यात लेकरांस कोण जेवू घालील, हे मंडळीतील बायांनी वाटून घ्यावे. नवऱ्यास चौकात कोणी "बायकोचा स्वयंपाकी" म्हणून हिणविले, तर तुम्ही त्याच्या शेजारी जाऊन बसावे. आणि तुम्हांस कोणी सल्ला विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी कागद मागावा.

त्या घरी आम्ही कागद मागितला. सुनेने कामे लिहिली, व नावे घातली. सासूस वाचता येत नाही; तिने तो वाचून दाखवावयास सांगितला. तिचे स्वतःचे नाव सात वेळा आले, आणि तिच्या मुलाचे एकदाच. म्हातारीने मुलाकडे पाहिले व म्हणाली, "याच्या नावावर एकच?" तो हसला नाही. त्याने लेखणी घेतली आणि पाणी, शेळी व लेकरांची शाळा ह्यांपुढे स्वतःचे नाव लिहिले. अर्ज गेला आहे. पुढे काय होते ते आम्हांस ठाऊक नाही. पण तो कागद त्यांच्या भिंतीवर लावलेला आम्ही पाहिला आहे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. तुमच्या घरातील कामांची यादी केल्यास कोणाचे नाव किती वेळा येईल?

२. "मदत" व "चार्ज" ह्यांत भेद काय? स्वतःच्या घरातील एक उदाहरण द्या.

३. तुमच्या गावात शिकण्याची इच्छा असून थांबलेली स्त्री कोण आहे? ती कोणत्या तारखेपर्यंत थांबली आहे?

४. तिच्यासाठी मंडळी ह्या महिन्यात कोणते एक काम उचलू शकेल?