निवड आपल्या हाती
वाचन : स्तोत्र १०१:१-४

केबल बंद करून अनेक कुटुंबे आता इंटरनेटवरून हवे तेच कार्यक्रम पाहतात. ही मोकळीक लाभदायक आहे. परंतु तिच्यात एक पाशही आहे. केबलवर मालिकेच्या पुढील भागासाठी थांबावे लागते; येथे तो आपोआप सुरू होतो. नेटफ्लिक्सचे तत्कालीन प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी २०१७ साली झोप हीच आपली प्रतिस्पर्धी असल्याचे म्हटले होते.

दाविदाने अनुचित गोष्ट दृष्टीसमोर न ठेवण्याचा निश्चय केला, तो स्वतःच्या घरातील वर्तनाविषयी बोलताना (वचने २, ३). राजाला घरात अडवणारे कोण होते? म्हणूनच निश्चयाची गरज होती. आपणही काय व किती पाहावे, हे पडदा उजळण्यापूर्वीच प्रार्थनापूर्वक ठरवावे.

मननासाठी : आपल्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ कोणत्या मालिकेने घेतली आहे?