टॅग मारण्याआधी

पुणे, रविवार

चि. मुक्ता हिस,


लायब्ररीच्या नव्या आवृत्तीची जबाबदारी तुझ्याकडे आली हे वाचून आनंद झाला. आता कौतुक कमी आणि बोलणी जास्त, हे धरून चाल. ‘माझ्याकडे सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत, शुक्रवारी टॅग मारू का?’ असं तू विचारलं आहेस. मारू नकोस. निदान या शुक्रवारी तरी नाही.

टेस्ट हिरव्या आहेत हे मी मानते. पण त्या चालल्या कशावर? तुझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटूवर, जीसीसीने केलेल्या डीबग बिल्डवर, तुझ्याच सोर्स फोल्डरमधून. यातलं काहीच लोकांना मिळणार नाही. त्यांना मिळणार टारबॉल, आणि ते तो रिलीज म्हणून बिल्ड करणार, ज्याच्या त्याच्या मशीनवर, ज्याच्या त्याच्या कंपायलरने. तपासायचं ते.

आधी डीबग आणि रिलीजचं बघ, कारण तिथेच सगळ्यात जास्त फसगत होते. सीमेकमध्ये बिल्डचा प्रकार ‘रिलीज’ केलास की ऑप्टिमायझेशनबरोबर एनडीबग हा मॅक्रोही लागतो आणि सगळे असर्ट उडून जातात, कंसातल्या मजकुरासकट. एखाद्याने घाईत असर्टच्या कंसातच फाइल उघडली असेल, तर रिलीजमध्ये ती फाइल उघडली जातच नाही. हे निदान कुठेतरी आपटून कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे टेस्टच साध्या असर्टवर लिहिलेल्या असणं. तसं असेल तर रिलीज बिल्डमध्ये त्या काहीही तपासत नाहीत आणि सगळ्या पास होतात! तुमच्या जुन्या टेस्ट कशा लिहिल्या आहेत ते आजच उघडून बघ. एक टेस्ट मुद्दाम मोडून रिलीजमध्ये चालव. ती लाल झाली नाही, तर बाकीच्या हिरव्यांना काही किंमत नाही.

मग किंमत न दिलेली व्हेरिएबल्स. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर डीबगमध्ये स्टॅकवरच्या अशा जागांत सीसी हा ठरावीक बाइट भरतो. रिलीजमध्ये तिथे आधीचा जो कचरा असेल तो तसाच राहतो. म्हणून डीबगमध्ये रोज सारखी वागणारी चूक रिलीजमध्ये मंगळवारी येते आणि बुधवारी येत नाही. अशा वेळी ‘कंपायलरचाच बग असणार’ म्हणायचा मोह होतो. कंपायलरमध्ये बग असतात, नाही असं नाही, पण पहिला संशय आपल्या कोडवर घ्यायचा. 2009 साली लिनक्स कर्नलच्या टन ड्रायव्हरमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि तो नल आहे का हे नंतर तपासलं होतं. जीसीसीने हिशेब केला: पॉइंटर वापरलाच आहे, म्हणजे तो नल असूच शकत नाही, मग तपासणी हवी कशाला? तपासणी काढून टाकली गेली आणि सुरक्षेत भोक पडलं. भाषेच्या नियमांत कंपायलरचं काहीच चुकलं नव्हतं. तुझ्या कोडमध्ये असलं काही आहे का, हे ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर लावून रिलीजच्या आधी एकदा तरी बघ.

आता प्लॅटफॉर्म. ‘सी प्लस प्लस आहे, सगळीकडे सारखंच चालेल’ असं तुझ्या टीममध्ये कुणी म्हणालं तर त्याला विंडोजचं काम दे. 64 बिटांच्या लिनक्सवर लाँग 64 बिटांचा असतो, 64 बिटांच्या विंडोजवर 32चाच. एफटेल लाँग परत करतो, त्यामुळे 2 जीबीच्या पुढच्या फाइलवर तुझा हिशेब विंडोजवर कोलमडणार. तुमच्या टेस्टमध्ये एवढी मोठी फाइल आहे का? नसणार. साध्या कॅरचंही तेच. इंटेलवर त्याला ऋण किंमती चालतात, रास्पबेरी पायवरच्या लिनक्समध्ये चालत नाहीत. त्यावरून ‘एआरएम म्हणजे असं’ असा नियम करायला जावं, तर ॲपलच्या एआरएम मशीनवर पुन्हा चालतात. अल्पाइन लिनक्समध्ये नव्या थ्रेडला, वेगळं सांगितलं नाही तर, 128 केबीच स्टॅक मिळतो, तुझ्या उबुंटूवर साधारण 8 एमबी. तुमचा पार्सर स्वतःलाच हाक मारत खोल जातो, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

आणि एक खास आपल्या लिपीतलं. ‘दुसऱ्या’ हे फाइलचं नाव ठेवून बघ. त्यातला ऱ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून लिहिता येतो, तसाच र आणि नुक्ता असा सुटाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नाव साठवताना अशी अक्षरं सुटी करायची. म्हणजे दिलेलं नाव आणि फोल्डरच्या यादीतून परत आलेलं नाव दिसायला एक, बाइट वेगळे. हल्लीची एपीएफएस नाव जसंच्या तसं ठेवते, पण जुन्या डिस्का अजून लोकांकडे आहेत. परदेशातल्या कुणाला ही टेस्ट सुचायची वाट बघत बसू नकोस.

सगळी ऑपरेटिंग सिस्टीम गुणिले सगळे कंपायलर असा तक्ता करायला जाशील तर जन्म पुरणार नाही. तुम्ही ज्याला आधार देतो म्हणता तो सगळ्यात जुना कंपायलर आणि बाजारातला सगळ्यात नवा, या दोन टोकांवर जोर दे. मधले बहुतेक आपोआप सांभाळले जातात. लायब्ररी बायनरी फाइल वाचते, तेव्हा उलट्या बाइटक्रमाचं एखादं मशीनही घे. क्यूएमूमध्ये एस-390-एक्स चालवलंस तरी पुरे. तयार बायनरी देणार असाल तर ती जुन्या लिनक्सवर बिल्ड करा. उबुंटू 22.04 वर केलेली बायनरी 20.04 वर ग्लिबसीच्या नावाने रडते, उलट सहसा होत नाही. पायथॉनवाल्यांनी मेनीलिनक्स 2014 साठी सेंटओएस 7 धरलं ते याचसाठी.

शेवटी टारबॉल. तो स्वच्छ मशीनवर उघड, बिल्ड कर, टेस्ट चालव, इन्स्टॉल कर आणि मग बाहेरचा एक दहा ओळींचा प्रोग्राम त्याला जोडून बघ. हेडर पॅक करायचा राहिला, डीएलएलमधून फंक्शन एक्सपोर्टच केलं नाही, असल्या गोष्टी तिथेच कळतात. टारबॉल आणि टॅग यांत फरक किती आणि का, हेही तपास. 2024च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंडने एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीतला चोरदरवाजा उघडकीला आणला. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा तो पाठलाग करत होता. तो दरवाजा उघडणारी बिल्डची ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीज टारबॉलमध्ये होती. आणि विष लपवलं होतं टेस्टसाठी ठेवलेल्या फाइलींत. तुमच्या टेस्ट फोल्डरमधल्या बायनरी फाइली कुठून आल्या, हे कुणाला माहीत आहे का, विचार.

तपासलेलाच टारबॉल बाहेर जाऊ दे. ‘फक्त एक कॉमेंट बदलली’ म्हणून कुणी पुन्हा पॅक केला, तर तो नवा आरसी, म्हणजे रिलीज कँडिडेट, आणि सगळं पहिल्यापासून. लोक कुरकुरतील. कुरकुरू देत.

विंडोजवरची एक टेस्ट ‘कधीकधी पडते’ म्हणून तू वगळून टाकली आहेस, तिचा लॉग मला आधी पाठव. ती पडते तेव्हा रिलीज बिल्ड असतो की डीबग, तेवढं सोबत लिही. रात्री नऊनंतर मी मोकळी असते, फोन केलास तरी चालेल. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी