वीणा घडविणाऱ्यापासून धडा

शास्त्रपाठ : १ इतिहास २३:१–५, १ तीमथ्य ३:१–७.

दावीद राजा वृद्ध झाला तेव्हा त्याने लेव्यांची सेवा लावून दिली. त्यांपैकी ४००० जणांनी, स्तवनासाठी राजाने केलेली वाद्ये घेऊन, परमेश्वराचे गुणगान करावे असे ठरले. ज्याने राजदंड धरिला त्यास वाद्ये घडविण्याचे काम हलके वाटले नाही.

दावीदाची वीणा दोन भुजांवर आडवी दांडी असलेली, लहानशी होती. चित्रांत त्याच्या हाती पुष्कळदा त्रिकोणी वाद्य दाखवितात, ते हार्प होय. त्याची घडण निराळी. खाली पोकळ पेटी, वर वाकलेली मान, आणि पुढे ह्या दोहोंस आधार देणारा खांब, असे त्याचे तीन भाग. पेटीच्या पातळ फळीतून तारा निघून मानेवरील खुंट्यांस जातात. मोठ्या हार्पास ४७ तारा असतात. लहान हार्प कित्येक कारागीर घरीच हाताने करितात. त्यांच्या कामात मंडळीसाठी तीन बोध आहेत.

१. लाकूड वाळलेले असावे. ओले लाकूड पुढे आकसते, चिरते आणि सांधे उकलतात. म्हणून फळी उघड्या हवेत वाळविताना इंचभर जाडीस सुमारे एक वर्ष लागते असा ठोकताळा आहे. अध्यक्ष नवशिका नसावा असे पौल सांगतो, त्याचे कारण असेच आहे. नव्या बंधूचा उत्साह पाहून त्यावर लगेच पंचाचा भार घालू नये. त्यास थांबविणे हा त्याचा अपमान नव्हे. ती त्याची तयारी आहे.

२. ओढ सर्वांनी मिळून सोसावी. फळी जाड केली तर नाद दबतो, पातळ ठेविली तर तारांच्या ओढीने फाटण्याचे भय. म्हणून तारांच्या रांगेखाली कठीण लाकडाची पट्टी चिकटवितात. तारा मानेच्या एकाच बाजूस असल्याने ती त्या बाजूस पिळवटू पाहते. यास्तव पुष्कळ कारागीर अनेक थर जोडून मान करितात. ज्या मंडळीत एकच तट सर्वांस आपल्याकडे ओढितो, तेथे हे ध्यानात घ्यावे.

३. नवी तार उतरते. कारागीर एकच तार एकदम पूर्ण चढवीत नाही. सर्व तारा हळूहळू, सारख्या चढवितो. तरी उद्या त्या उतरलेल्याच सापडतात. आपल्या एकतारीची नवी तारही अशीच उतरते. ती खोटी आहे म्हणून नव्हे, तर नवी आहे म्हणून. शहाणा कारागीर तिला तोडून टाकीत नाही. दिवसामागून दिवस खुंटी पिळतो, आणि काही काळाने ती सुरात टिकू लागते.

प्रिय उपदेशकहो, बाप्तिस्म्यानंतर कोणी जुन्या जत्रेस गेला, किंवा रागाच्या भरात उपासनेस येईनासा झाला, तर त्याचे नाव खोडण्याची घाई करू नका. त्याच्या दारी पुन्हा जा. दोष दाखवावा, पण हात सुराकडे नेणारा असावा.

प्रश्न :
१. आपल्या मंडळीत अपक्व मनुष्यावर कोणता भार टाकिला गेला आहे?
२. कोणाची ओढ एकट्यानेच सोसावी लागत आहे?
३. ह्या आठवड्यात कोणाच्या घरी पुन्हा जावयाचे आहे?