कर्मचाऱ्याला शुगर आहे? मालक म्हणून हे माहीत हवंच



माणसं कामावर कशी निवडायची या व्हिडिओनंतर एक प्रश्न खूप जणांनी विचारला. "मॅडम, मुलाखतीत कळलं की माणसाला शुगर आहे, तर घ्यायचा की नाही?" उत्तर देण्याआधी माझीच एक चूक सांगते.

दिवाळीच्या आधीचा शनिवार

आमचं साड्या आणि कापडाचं दुकान आहे. दिवाळीच्या आधीचा शनिवार म्हणजे पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मीच सगळ्यांना सांगितलं होतं, "आज जेवण जमेल तसं उरका."

दुपारी साडेतीनला कापड काउंटरच्या काकांनी ताग्यातून अडीच मीटरऐवजी दीड मीटर कापड कापलं. गिऱ्हाईक चिडलं. मी काकांना विचारलं, तर ते काहीतरी भलतंच बोलत होते. कपाळावर घाम, हातातली कात्री थरथरत होती. मी गिऱ्हाइकासमोरच त्यांना झापलं आणि कापडाचे पैसे पगारातून कापीन, असंही म्हणाले.

तेवढ्यात आमची सेल्सगर्ल पाण्यात साखर ढवळून घेऊन आली. "ताई, त्यांची शुगर लो झालीय. सकाळी इन्सुलिन घेतलंय आणि अजून जेवले नाहीत." पंधरा-वीस मिनिटांत काका सावरले.

तिला माहीत होतं आणि मला नव्हतं, हे मला जास्त लागलं. संध्याकाळी विचारलं, "काका, मला का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "ताई, आधीच्या दुकानात सांगितलं होतं. पुढच्या महिन्यात काढलं. तुम्हाला आधी सांगितलं असतं, तर ठेवलं असतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण माझ्या भरतीच्या फॉर्मवर मीच प्रश्न छापला होता: "काही आजार आहे का?"

कायदा काय सांगतो?

आधी सरळ गोष्ट. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात मधुमेह नाही. म्हणजे नुसती शुगर आहे म्हणून या कायद्याचं संरक्षण मिळत नाही. पण मधुमेहामुळे नजर खूप अधू झाली किंवा पाय कापावा लागला, तर तो माणूस या कायद्याखाली येऊ शकतो. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार तर यादीतच आहेत. विदर्भातल्या मित्रांनी सिकलसेल विशेष लक्षात ठेवा. समान संधीचं धोरण तयार करणं हा कायदा खासगी आस्थापनेलाही सांगतो.

मग शुगरवाल्या माणसाला काहीच हक्क नाही? आहेत. ते आजाराच्या नावाने नाहीत, कामगार म्हणून आहेत.

१. मधली सुट्टी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये आला, तेव्हा नियम असा होता: सलग ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती. त्या शनिवारी मी नेमकी तीच खाल्ली होती.

२. रजा. याच कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत. २४० दिवस काम केलेल्याला दर २० दिवसांमागे १ दिवस पगारी रजा मिळते. दवाखान्यात जायला माणूस यातली रजा मागतो, तेव्हा तो उपकार मागत नसतो.

३. ईएसआय. तुमची आस्थापना ईएसआयखाली येत असेल आणि कर्मचाऱ्याचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर मालकाचे ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के भरायचे. अटी पूर्ण असतील तर आजारपणात त्याला वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. १९४८ च्या ईएसआय कायद्याच्या कलम ७३ नुसार, हा लाभ चालू असताना त्याला कामावरून काढता येत नव्हतं.

४. एचआयव्ही. इथे कायदा सगळ्यात कडक आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. खासगी मालकालासुद्धा नाही.

एक सूचना. २०१७ चा मूळ कायदा १० किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. २०२५ मध्ये राज्य सरकारने ही मर्यादा २० वर न्यायचा आणि कामाच्या तासांचे नियम बदलायचा निर्णय घेतला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिताही लागू झाल्या. त्यामुळे तुमच्या दुकानाला आज नेमकं काय लागू आहे, ते लेबर कन्सल्टंटकडून एकदा तपासून घ्या.

"माझ्याकडे तर चारच माणसं आहेत"

बरोबर, तुमच्यापैकी बहुतेकांकडे चार-पाचच माणसं असतील. मग यातलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. इथेच खरा प्रश्न आहे. मोठ्या कंपनीतल्या माणसामागे कायदा उभा असतो. छोट्या दुकानात त्याचा हक्क म्हणजे मालकाचा शब्द. तुम्ही जेवायला सोडलं तर तो जेवणार, नाही तर नाही.

आणि हे दानधर्म म्हणून करू नका, धंदा म्हणून करा. माझ्या दुकानात नव्या माणसाला कापडाचे प्रकार आणि भाव समजायला तीन-चार महिने जातात. काकांना गिऱ्हाईक नावाने विचारत येतं. असा माणूस अर्ध्या तासाच्या सुट्टीसाठी घालवणं हा तोट्याचा सौदा आहे.

आम्ही काय बदललं?

फॉर्म: "काही आजार आहे का?" हा प्रश्न काढला. आता कामच सांगते: "आठ तास काउंटर, मधून मधून शिडीवर चढणं, सणाला गर्दी. जमेल का? काही सोय लागेल का?" आजार असणं आणि काम न जमणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिडी किंवा गाडीवरून डिलिव्हरी अशा कामात शंका असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा. स्वतः निकाल द्यायचा नाही.

जेवणाची पाळी: भिंतीवर वेळेसकट तक्ता लावला. दिवाळीतही तो मोडत नाही. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या घेणाऱ्याने जेवण चुकवलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

गल्ल्याजवळचा डबा: साखर, ग्लुकोज पावडर आणि बिस्किटं. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळ, चिडचिड दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे सगळ्या स्टाफला शिकवलं.

गादीवरच्या टाचण्या: साडीच्या दुकानात आपण अनवाणी वावरतो. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होऊ शकते. टाचणी टोचलेली कळत नाही आणि जखम चिघळते. आता टाचण्या डब्यातच टाकायच्या आणि काकांना स्वच्छ, मऊ सपाता घालायची मुभा आहे.

बसायला स्टूल: केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यात आणलं. मी कायद्याची वाट न बघता चार स्टुलं घेतली. गिऱ्हाईक आलं की माणूस आपोआप उठतो, काळजी करू नका.

गुप्तता: कोणाला काय आजार आहे, हे स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं नाही. कोणाला सांगायचं, ते त्या माणसाने ठरवायचं.

उलट बाजूही आहे

"उद्या सगळेच कारणं सांगतील," अशी भीती मलाही वाटली होती. म्हणून नियम सगळ्यांना सारखा ठेवला. सुट्टी सर्वांना, स्टूल सर्वांना. वारंवार खाडे झाले तर बोलायचं, पण हजेरीवर बोलायचं, आजारावर नाही. कर्मचाऱ्याकडूनही एक अपेक्षा आहे: औषधाची वेळ पाळायची आणि त्रास वाटला की लगेच सांगायचं. पण सांगितल्यावर नोकरी जाणार नाही, याची खात्री असेल तरच माणूस सांगेल.

आजचा गृहपाठ

१. तुमच्या भरतीच्या फॉर्मवर आजाराचा प्रश्न असेल, तर आजच खोडा.
२. प्रत्येकाच्या जेवणाची वेळ कागदावर लिहून भिंतीवर लावा.
३. गल्ल्याजवळ साखरेचा डबा ठेवा.

कापडाचे पैसे मी कापले नाहीत. पण ज्या गिऱ्हाइकासमोर ओरडले होते, त्या बाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांच्यासमोरच काकांची माफी मागितली. काका अजून कापड काउंटरलाच आहेत. दीड वाजला की मी न सांगता डबा उघडतात.