प्रेषकापासून मनोऱ्यापर्यंत

जळगावचे आकाशवाणी केंद्र १९७६ साली सुरू झाले. खानदेशातील कितीतरी घरांत रेडिओचा काटा वर्षानुवर्षे मध्यम लहरींच्या ९६३ किलोहर्ट्‌झवर असे. अशा केंद्रात प्रेषक इमारतीत असतो आणि मनोरा काही अंतरावर, मोकळ्या जागेत. मध्ये एक तार टाकली की झाले, असे तुम्ही म्हणाल. माझ्या वर्गातही दरवर्षी कोणीतरी म्हणतोच!

घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिची तरंगलांबी ६,००० किलोमीटर. धुळे-जळगाव हे सुमारे ९० किलोमीटरचे अंतर तिच्यापुढे किरकोळच. ९६३ किलोहर्ट्‌झची तरंगलांबी मात्र सुमारे ३११ मीटर आणि एफ.एम.च्या १०० मेगाहर्ट्‌झची अवघी ३ मीटर. येथे उघडी, एकटी तार स्वतःच अँटेना बनते आणि ऊर्जा वाटेतच सांडते.

म्हणून समाक्ष केबल वापरतात. मधोमध तांब्याची तार, भोवती पॉलिथिलीनसारखा निरोधक, त्यावर तांब्याची जाळी. कल्पना जुनी आहे. ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० साली तिचे पेटंट घेतले. ऊर्जा तांब्याच्या पोटातून नव्हे, तर तार आणि जाळी यांमधील निरोधकातून, प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश वेगाने जाते. जाळी तिला बाहेर पडू देत नाही.

आता एक प्रयोग करा. विहिरीच्या जाड दोराला सुतळी बांधा. सुतळीचे टोक मित्राच्या हाती देऊन दोर ताणा आणि आपल्या टोकाला झटका द्या. गाठीपाशी उसळीचा काही भाग पुढे जाईल, काही तुमच्याकडे परतेल. केबलचेही असेच. तिला स्वतःचा संरोध असतो, बहुधा ५० किंवा ७५ ओहम. तो साध्या ओहममापीवर दिसत नाही आणि केबल दुप्पट लांब केली तरी बदलत नाही (येथे पुष्कळजण अडखळतात). तार आणि जाळी यांच्या व्यासांचे गुणोत्तर व मधला निरोधक यांवर तो ठरतो.

५० ओहमच्या केबलला ७५ ओहमची अँटेना जोडली, तर परतणाऱ्या लहरीचा विद्युत् दाब (७५ − ५०) ÷ (७५ + ५०), म्हणजे एक-पंचमांश. शक्ती त्याच्या वर्गाइतकी, ४ टक्के. एवढे चालून जाते. पण टोकाशी केबल तुटली, तर जवळजवळ सारी शक्ती उलट फिरते. जाणारी व येणारी लहर मिळून काही ठिकाणी दाब दुप्पट होतो; निरोधक जळू शकतो, प्रेषकालाही इजा होते. म्हणून परतणारी शक्ती मोजण्याची सोय ठेवलेली असते. ती मर्यादेबाहेर गेली की प्रेषक आपोआप बंद पडतो.

मध्यम लहरींच्या केंद्रात बहुधा मनोरा हाच अँटेना असतो. त्याच्या पायथ्याशी एक छोटी खोली दिसते. आत तारेची वेटोळी आणि धारित्रे असतात. केबलचा आणि मनोऱ्याचा संरोध जुळवून देणे, हे त्यांचे काम.