दव पडते की जमते? परसबागेतील हिवाळा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू होतात, तोवर परसबागेचे रूप पालटू लागलेले असते. पावसाळ्यात माजलेला तेरडा वाळून जातो, शेवंतीला कळ्या दिसू लागतात आणि पहाटे गवतातून चालले की पावले ओली होतात. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा हिवाळ्यात पाहण्यासारखे ते काय असणार, असे पुष्कळांना वाटते. परंतु एक शंभर पानी वही, एक साधा तापमापक आणि लवकर उठण्याची तयारी एवढे असले, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने अपुरेच पडतात.

तापमापक कोठे ठेवावा, याचा आधी विचार करा. मी पहिल्या वर्षी तो पश्चिमेकडच्या भिंतीला टांगला होता. दुपारभर तापलेली ती भिंत रात्री ऊब देत राही, आणि माझी सगळी वही हवेच्या नव्हे तर भिंतीच्या तापमानाची झाली! वेधशाळेत तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत ठेवतात. तुम्हीही तेवढ्याच उंचीवर, सावलीत, भिंतीपासून दूर एक तापमापक ठेवा. जमल्यास दुसरा उघड्यावर गवताच्या शेंड्यांशी ठेवा. निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे दोन्ही वाचलेत, तर गवताशी असलेला पारा काही अंशांनी खाली दिसेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याचे वर्तमानपत्रांत वाचताना गावचे तापमान मात्र शून्याच्या बरेच वर असल्याचे आढळते. त्याचे कोडे तुमच्या गवतातच सुटते.

रात्री प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे प्रारणाने घालवत असते. दगड, जमीन यांच्या पोटात दिवसाची ऊब साठलेली असते, म्हणून ती हळू निवतात. गवताचे पाते पातळ असते. ते लवकर निवते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. त्याला टेकलेली हवा पुरेशी थंड झाली की तिच्यातील बाष्पाचे पाणी होऊन पात्यावर जमते. आपण मात्र ‘दव पडते’ असेच म्हणत आलो आहोत, जणू ते पावसासारखे वरून येते!

विल्यम चार्ल्स वेल्स या डॉक्टरांनी लंडनजवळच्या एका बागेत याचा छडा लावला आणि १८१४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे मुख्य साधन म्हणजे सारख्या वजनाचे लोकरीचे पुंजके. ते रात्रभर निरनिराळ्या जागी ठेवायचे आणि सकाळी वजन करून कोणी किती पाणी घेतले ते पाहायचे. त्यांतला एक प्रयोग तुम्ही कापसावर करू शकाल. शाळेच्या तराजूवर एकेक ग्रॅमचे दोन पुंजके तोला. एक उघड्या गवतावर ठेवा. दुसऱ्याभोवती जाड पुठ्ठ्याची, वरून उघडी, दोन फूट उंच नळकांडी उभी करा. पहाटे दोन्ही पुन्हा तोला. दव जर सरळ वरून पडत असेल, तर नळकांडीत आणि बाहेर ते सारखेच मिळायला हवे. प्रत्यक्षात नळकांडीतला पुंजका बराच हलका भरतो, कारण त्याला आकाशाचा लहानसा तुकडाच ‘दिसतो’ आणि तो कमी निवतो. ढगाळ रात्री हाच प्रयोग करून दोन्ही वह्यांतले आकडे शेजारी मांडा. आंब्याखालचे गवत पहाटे कोरडे का, हे मग सांगावे लागणार नाही.

मात्र पानावरचा प्रत्येक थेंब दवाचा नसतो. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, टोमॅटोच्या पानाच्या कडेलाच असे मण्यांसारखे थेंब का? दव असते तर पानभर नको का?” तिचे बरोबर होते. रात्री मुळे पाणी शोषतच राहतात, पण बाष्पोच्छ्वास मंदावलेला असतो. वाढलेल्या दाबामुळे जास्तीचे पाणी पानाच्या कडेच्या सूक्ष्म जलरंध्रांतून बाहेर येते. याला बिंदुस्राव म्हणतात. अळूच्या पानाच्या टोकाला लोंबणारा थेंबही असाच. खात्री करायची असेल, तर संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी घालून तिच्यावर घमेले पालथे घाला. आकाश झाकले, दव नाही. तरी सकाळी कडेला थेंब दिसतील.

तिसऱ्या प्रकारचे पाणी आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. हरभऱ्याच्या शेतात रात्री स्वच्छ फडके पसरतात, पहाटे ते पिळून ‘आंब’ बाटलीत भरून ठेवतात. पोटदुखीवर घरोघरी तिचा उपयोग होत असे. हरभऱ्याच्या पानांवर आणि खोडावर बारीक ग्रंथिल केस असतात. त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले पाझरतात आणि दवात मिसळतात. (सफरचंदाचा आंबटपणा याच मॅलिक आम्लाचा.) ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटेअळीची वाढ मंदावते असे दिसून आले आहे. तरी ती अळी हरभऱ्यावर येते, हे कोणताही शेतकरी सांगेल. संरक्षण म्हणजे काही तटबंदी नव्हे. नोव्हेंबरात कुंडीत मूठभर हरभरे पेरा. रोपे वीतभर झाली की पहाटेच्या थेंबात निळा लिटमस कागद बुडवा. तो तांबडा होईल. शेजारच्या गवतावरील दवातही एक कागद बुडवायला विसरू नका, नाहीतर आम्ल हरभऱ्याचे की दवाचे, हे ठरणार कसे? चव पाहायची झाल्यास फवारणी न केलेल्या रोपाचीच पाहा.

आता थोडे सूर्याकडे. २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस, म्हणून त्याच दिवशी सूर्य सर्वांत उशिरा उगवत असणार, असे जवळजवळ प्रत्येकजण सांगतो. वहीत वेळा लिहून पाहा. पुण्यात सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, तर सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर! दिवस वाढू लागले तरी शाळेत जाताना काळोख वाढतोच, ही तुमची तक्रार खोटी नाही. या दिवसांत एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत घड्याळाचे २४ तासांहून थोडे अधिक, डिसेंबरअखेर सुमारे अर्धा मिनिट जास्त, लागते. पृथ्वीच्या अक्षाचा कल आणि जानेवारीत सूर्याजवळ असताना तिची वाढलेली गती, अशी त्याची दोन कारणे आहेत. त्यामुळे पुण्यातील खरे माध्यान्ह नोव्हेंबरअखेर १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास, तर जानेवारीच्या मध्यावर १२ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास येते. मीटरभर काठी उभी करून सर्वांत आखूड सावलीची वेळ टिपा. २२ डिसेंबरला ती सावली ९० सेंटिमीटरच्या आसपास भरेल. मार्चच्या २१ तारखेला जेमतेम ३३.

काठीजवळ बसले असताना पाहुणेही दिसतील. शेपटी खालीवर करत ओलाव्याशी फिरणारा करडा धोबी आणि कुंपणावर शेपूट थरथरवणारा थिरथिरा हे दोघे हिमालयाकडून आणि त्यापलीकडच्या प्रदेशांतून येतात. ते प्रथम दिसले ती तारीख लिहिणे सोपे असते. अखेरचे कधी दिसले, हे मात्र रोज पाहणाऱ्यालाच सांगता येते, कारण जाताना ते निरोप घेत नाहीत. म्हणून फेब्रुवारी उलटल्यावरही, सावर फुलून गेली आणि दव संपले, तरी वहीत ‘आज दिसला’ किंवा ‘आज दिसला नाही’ एवढे एप्रिलपर्यंत लिहीत राहा.